फायलींची बेगमी: पावसाळ्याआधी घरातले फोटो, आवाज आणि कागद कसे राखायचे

आमच्या चिपळूणच्या घरात बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक रेघ होती. २६ जुलै २००५ला पाणी जिथवर चढलं, तिथे सासऱ्यांनी कोळशाने ओढलेली. पुढे रंगकाम निघालं तेव्हाही त्यांनी रंगाऱ्याला ती पुसू दिली नाही. काहीही जपून ठेवायचं तर त्या रेघेच्या वर, हा घरचा नियम झाला. पासबुकं वर, खरेदीखत वर, देवाच्या पोथ्या वर. मी फोटोंसाठी हार्ड डिस्क घेतली तेव्हा तीही रेघेच्या चांगली हातभर वर, कपाटाच्या फळीवर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी ती रेघ ओलांडून फळीच्याही वर गेलं.

डिस्क सापडली तेव्हा केबलच्या भोकात तांबडा गाळ घट्ट बसला होता. हलवली की आत बारीक खळखळ ऐकू यायची. वीज आल्यावर आम्ही ती दोन दिवस पंख्याखाली वाळवली आणि जोडून पाहिली. एकदा टक् असा आवाज आला, मग काहीच नाही. मुलाच्या जन्मापासून पाचव्या वाढदिवसापर्यंतच्या फोटोंपैकी पाव हिस्साही परत मिळाला नाही.

सासऱ्यांचा आवाज मात्र वाचला. ते २०१९च्या डिसेंबरात गेले. त्यांनी नणंदेला पाठवलेले चौदा व्हॉइस मेसेज तिच्या रत्नागिरीच्या घरी, तिच्या फोनमध्ये होते. "अगो, इकडे पाऊस लागला गो. तुमच्याकडे?" एवढंच एका मेसेजमध्ये आहे. सासूबाई तो आजही ऐकतात.

आमच्याकडे प्रती दोन होत्या, लॅपटॉपवर एक आणि डिस्कवर एक. पण दोन्ही एकाच फळीवर, म्हणजे पाण्याच्या लेखी एकच. जगभर बॅकअपचा एक सोपा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नियम चांगला आहे. कोकणात राहणाऱ्याने तो लावताना मात्र प्रत्येक दोन प्रतींबद्दल एक प्रश्न विचारावा: या दोन्हींवर एकाच वेळी एकच संकट येऊ शकतं का? तेच पाणी, तीच वीज, तीच दमट हवा, तोच विसरलेला पासवर्ड. उत्तर 'हो' असेल तर ती एकच प्रत धरा.

पावसाळ्याआधी आपण लाकडं भरतो, कौलं चाळतो, कुळीथ-पापड-मिरच्यांची बेगमी करतो. फायलींचं कामही त्याच हिशेबात बसवलं की होतं, एरवी राहून जातं. खाली लिहिलंय ते आमच्या घरात गेली काही वर्षं चालू आहे. पहिल्या खेपेला चार-पाच रविवार गेले. आता वर्षातून तीनदा एकेक दुपार पुरते.

पहिला रविवार: कुठे काय आहे ते लिहून काढा

वही घ्या. कॉम्प्युटर उघडू नका. घरात फोटो, व्हिडिओ, आवाज, कागदांच्या प्रती कुठे कुठे पडल्यात त्याची यादी करा. चालू फोन, बंद पडलेले फोन, लॅपटॉप, लग्नाच्या व्हिडिओची डीव्हीडी, कॅमेऱ्याची कार्डं, ड्रॉवरमधले पेनड्राइव्ह, ईमेलला जोडून आलेल्या फायली. घरातल्या प्रत्येकाला विचारा. सासूबाईंच्या फोनमध्ये आमच्या वाडीतल्या गेल्या सात वर्षांच्या पालख्या निघाल्या, कुणालाच माहीत नव्हतं.

जुने बटणवाले फोन आणि फुगलेल्या बॅटरीचे स्मार्टफोन यांना घाई करा. बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्या आणि मगच आतलं काढा. मेमरी कार्ड असेल तर ते आधी बाहेर काढून कार्ड रीडरने वाचा.

पुन्हा कधीच मिळणार नाही, ते आधी

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण करा. मी तीन खुणा करते. 'कधीच नाही': माणसांचे फोटो, आवाज, मुलांची चित्रं, हाताने लिहिलेल्या वह्यांच्या प्रती. 'त्रासाने मिळेल': जुनी खरेदीखतं, वैद्यकीय रिपोर्ट, बागेचे आणि व्यापाऱ्याचे हिशेब. 'सहज मिळेल': सिनेमे, गाणी, फॉरवर्ड झालेले व्हिडिओ आणि सरकारी पोर्टलवर पुन्हा काढता येणारे कागद. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून केव्हाही उतरवता येतो, त्याच्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. आधार, पॅन, वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये आहेतच. एक लक्षात ठेवा: डिजिलॉकरमध्ये त्या त्या खात्याकडून थेट आलेल्या कागदाला मूळ कागदाइतकी मान्यता असते, आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला नसते.

यादी झाली की आधी फक्त 'कधीच नाही'चं काम करा. बहुतेक घरांत हा ढीग वाटतो त्यापेक्षा लहान निघतो, आणि तोच सुरक्षित झाला तर बाकीच्याचं दडपण उतरतं.

व्हॉट्सॲपमधलं बाहेर काढणं

यावर थोडं थांबते, कारण हल्ली घरातल्या माणसांचा आवाज सगळ्यात जास्त इथेच आहे आणि सगळ्यात आधी इथूनच जातो.

व्हॉट्सॲपचा गूगलवर होणारा बॅकअप व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करण्यापुरता असतो. तो उघडून त्यातला एखादा फोटो आपल्याला बघता येत नाही, आणि अँड्रॉइडवर तो आता गूगलच्या मोफत जागेतूनच जागा खातो. म्हणून मूळ फायली हाताने काढून घ्या. अँड्रॉइड फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या पडद्यावर 'फाइल ट्रान्स्फर' निवडा. आत अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, त्यात पुन्हा मीडिया असं उतरत गेलात की फोटो, व्हिडिओ, डॉक्युमेंट आणि व्हॉइस नोट्स अशी वेगवेगळी फोल्डरं दिसतात. व्हॉइस नोट्समध्ये दर आठवड्याचं एक फोल्डर असतं, नावात वर्ष आणि आठवड्याचा आकडा. फाइलचं नाव 'पीटीटी'ने सुरू होतं, पुढे तारीख आणि शेवटी 'ओपस'. कुणाचा आवाज आहे ते मात्र नावात कुठेच नसतं. ते फक्त ऐकून कळतं, आणि ओळखणारं माणूस घरात असेपर्यंतच कळतं. म्हणून सासूबाईंना शेजारी बसवून आम्ही एकेक ऐकलं आणि प्रत्येक फाइलला नाव दिलं. या कामाला वेळ लागला, पण त्या दोन संध्याकाळी आम्हाला सगळ्यांनाच हव्या होत्या.

फोटोंचं दुखणं वेगळं. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि तो कधी काढला ही आतली नोंदही पुसली जाते. कुटुंबाच्या ग्रुपवर आलेला लग्नाचा फोटो जपायचा असेल तर ज्याने काढला त्याला सांगा, "दादा, हाच डॉक्युमेंट म्हणून पाठव ना." मग मूळचा, पूर्ण आकाराचा येतो.

कागद, अल्बम आणि कॅसेटी

कागदांना ३०० डीपीआय (म्हणजे इंचामागे ठिपके) आणि छापील फोटोंना ६०० डीपीआय स्कॅन पुरतं. स्कॅनर नसेल तर फोनने करा: ओटीवर सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. अल्बममध्ये चिकटून बसलेला फोटो ओढून काढू नका, दमट हवेत त्याचा रंग पानालाच राहतो. पानासकट फोटो घ्या. फोटोच्या मागे लिहिलेलं असेल तर मागची बाजूही.

कॅसेटी असतील तर प्लेअरमध्ये घालण्याआधी टॉर्च मारून फितीच्या कडेकडे बघा. पांढरट पावडर किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट वाजवली की बुरशी प्लेअरला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. स्वच्छ कॅसेट असेल तर प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या 'लाइन इन'ला केबल जोडा. लॅपटॉपला तसं भोक बहुधा नसतं, त्याला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लागतं. ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करा. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास. ती मूळ म्हणून ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपीथ्री करा. आत्यांची गौरीची गाणी आम्ही अशीच उतरवली. मध्येच कुकरची शिट्टी आहे, ती काढली नाही.

जुन्या फॉन्टमधलं मराठी

हा मुद्दा इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडायचा नाही, पण आपल्याकडे फार घरांत आहे. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावी अशी आजची पद्धत, रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षरं नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता अर्थहीन इंग्रजी खिचडा दिसतो. फाइल धडधाकट, बॅकअप उत्तम, आणि वाचता एक शब्द येत नाही.

कुणाचा कुलवृत्तांत, देवस्थानच्या सभेची इतिवृत्तं, आजोबांच्या आठवणी अशा फायलींत असतील तर ज्या कॉम्प्युटरवर अजून नीट दिसतायत तिथेच आधी त्यांची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो, त्यामुळे दुसरीकडेही जशीच्या तशी दिसते. मग फॉन्ट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि साधी टेक्स्ट फाइल म्हणूनही ठेवा. बदलल्यावर एकदा शांतपणे वाचून काढा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. 'कर्वे'चं 'करे्व' झालेलं मी पाहिलंय. पेजमेकरमधल्या फायलींना आणखी घाई करा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची आहे, आणि ती चालवणारा जुना कॉम्प्युटर गावातल्या डीटीपीवाल्याकडेही आता क्वचितच असतो.

नावं आणि फोल्डरं

याला फार वेळ देऊ नका. वर्षाचं एक फोल्डर, त्यात प्रसंगाचं एक. नावाच्या सुरुवातीला तारीख उलटी लिहा, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते: '२०२४-०९-०७ गणपती'. नावं मराठीतून दिली तरी चालतात. फक्त तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब अशी चिन्हं घालू नका. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा: फोटोत कोण कोण, कुठलं घर, कुणाचं लग्न. वीस वर्षांनी 'हा मागे उभा आहे तो कोण' याचं उत्तर द्यायला ती एकच फाइल उरते.

डिस्क घेताना आणि भरताना

दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगळ्या वेळी घेतलेल्या. एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच सुमारास दगा देण्याची भीती असते. वरून चिकटपट्टी लावून एकीला 'अ', दुसरीला 'ब' लिहा. फिरत्या तबकड्यांची साधी हार्ड डिस्क स्वस्त असते आणि कपाटात ठेवून द्यायला बरी, पण चालू असताना पडली की संपली. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, पडझड सोसते, मात्र वीज न देता वर्षानुवर्षं ठेवली तर तिच्यातला साठा हळूहळू उतरू शकतो. पेनड्राइव्हचंही तेच. त्यामुळे पेनड्राइव्ह इकडून तिकडे न्यायला वापरा, तिजोरी म्हणून नको.

बाजारात, विशेषतः ऑनलाइन, फार स्वस्तात मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह आणि कार्डं दिसतात. त्यातली बरीच खोटी असतात: वर १ टीबी लिहिलेलं, आत त्याच्या काही टक्के जागा. ती भरली की पुढच्या फायली मागच्यांवर लिहिल्या जातात आणि नावं मात्र सगळी दिसत राहतात. एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागा भरून आणि वाचून खरं-खोटं सांगतो. नवं काहीही आणलं की आधी हे करा.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर डिस्क चालायला हवी असेल तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असं येतं त्याचं कारण हेच.

कॉपी करायला फ्रीफाइलसिंक वापरा, मोफत आहे. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे दोन प्रकार दिसतील. मिररमध्ये लॅपटॉपवर जे पुसलं ते डिस्कवरूनही पुसलं जातं. अपडेटमध्ये नवं आणि बदललेलं तेवढं जातं, डिस्कवरचं जुनं राहतं. घरच्या फोटोंसाठी अपडेटच निवडा. चुकून डिलीट झालेलं फोल्डर आठ महिन्यांनी लक्षात येतं, तेव्हा हेच उपयोगी पडतं. कॉपी संपली की 'फाइल कंटेंट' हा पर्याय घेऊन एकदा पुन्हा ताडून पाहा. याला बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपा. फक्त विजांची रात्र नको.

विजेबद्दल दोन शब्द. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे वीज कशी पडते ते सांगायला नको. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण जवळ पडलेल्या विजेपुढे तो टिकेल या भरवशावर राहू नका. ढग गडगडले की प्लग काढा आणि राउटरची तारही काढा, तारेतूनही झटका आत येतो. काम झालं की डिस्क 'इजेक्ट' करून बाजूला ठेवा. कायम जोडलेली डिस्क म्हणजे लॅपटॉपचाच एक भाग. लॅपटॉपमध्ये खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो.

दमट, खाऱ्या हवेत ठेवायचं कुठे

घट्ट झाकणाचा डबा घ्या, पापडांचा चालतो. आत डिस्क कापडात गुंडाळून आणि सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. नारिंगी दाणे ओल धरली की हिरवे होतात. ओव्हनमध्ये साधारण ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा नारिंगी. पुड्यांचं वेष्टन उष्णता सोसणारं नसेल तर दाणे ताटलीत काढून तापवा. तांदूळ भरू नका. तो फारशी ओल शोषत नाही आणि त्याचा भुगा भोकांत जातो.

डबा माळ्यावर ठेवू नका. कौलांखाली आणि त्याहून जास्त पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये जो उकाडा होतो तो डिस्कला बाधतो. जमिनीलगत तर नकोच. मधल्या उंचीचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी कपाट बरं. दाभोळ, वेळास, मालवण अशा अगदी किनाऱ्यावरच्या घरांत केबलच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढतो. डिस्क 'दिसत नाही' म्हणून घाबरण्याआधी केबल बदलून पाहा, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. आमच्या नणंदेची 'मेलेली' डिस्क अशीच जिवंत झाली.

घराबाहेरची प्रत: चाकरमान्यांच्या पिशवीतून

क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर फायली ठेवण्याची गोष्ट पुढे येतेच, पण कोकणातल्या माणसाकडे त्याहून जुनी सोय आहे. घराघरांतलं कुणी ना कुणी मुंबई-ठाण्याला आहे, आणि गणपतीला, शिमग्याला ते येतंच. वर्षातून दोन ठरलेल्या खेपा.

आमची 'ब' डिस्क धाकट्या दिरांकडे डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावर असते. गणपतीला येताना ते ती घेऊन येतात. तोवर 'अ' ताजी करून ठेवलेली असते. गौरी-गणपतींचे फोटो तिच्यात भरले की ते जाताना 'अ' घेऊन जातात आणि 'ब' इथे राहते. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. पहिल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, "भावोजी, एवढं न्याल का?" ते म्हणाले, "वहिनी, फणसाच्या गऱ्यांचा डबा नेतो, मग हे काय जड आहे?" आता ती डिस्क सामानात आपोआप धरलेली असते. गाडीत ती पायाशी ठेवू नका, कपड्यांच्या मध्ये ठेवा, आणि पोहोचल्यावर लगेच जोडू नका. एसी गाडीतून दमट घरात आली की आत दव धरू शकतं, तास-दोन तास जाऊ द्या.

डिस्क प्रवासाला निघते म्हणजे हरवूही शकते. तिच्यावर बँकेचे, ओळखपत्रांचे कागद असतील तर तेवढं फोल्डर पासवर्ड लावून बंद करा. फोटोंना मी पासवर्ड लावलेला नाही. ते कुणी पाहिले तर चालतील, पण पासवर्ड विसरून आमच्याच हातून गेले तर चालणार नाही.

क्लाउडवर काय आणि किती

गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. १ जून २०२१पासून फोटोंची अमर्याद मोफत सोय बंद झाली. एक फोटो ३-४ एमबी धरला तर १५ जीबीत चारेक हजार फोटो मावतात, व्हिडिओ मात्र जागा झपाट्याने खातात. म्हणून मोफत जागेत 'कधीच नाही'च्या ढिगातलंही निवडक टाका: आवाज, स्कॅन केलेले फोटो, दर प्रसंगाचे दहा-पंधरा फोटो. जमत असेल तर पैसे भरून जागा वाढवा, पण ती वर्गणी दर वर्षी भरावी लागणार हे धरून चाला.

नेटचा हिशेबही आधी करा. १०० जीबी चढवायला १० एमबीपीएसच्या अपलोडला जवळजवळ २२ तास लागतात, २ एमबीपीएसला साडेचार दिवसांहून जास्त. वाडीत नेट येतं-जातं असेल तर पहिली मोठी खेप मुंबईच्या नातेवाइकांकडे त्या डिस्कवरूनच चढवून घ्या.

आणि इथेच मोठी फसगत होते. गूगलच्या फोटोंच्या ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला असेल तर तो ६० दिवस 'बिन'मध्ये राहतो, मग कायमचा गेला. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी फोन भरला म्हणून होमस्टेच्या सगळ्या हंगामांचे फोटो असेच पुसले, 'वर आहेतच' या समजुतीने. फोनमध्ये जागा करायची तर त्या ॲपमधला 'फ्री अप स्पेस' हाच पर्याय वापरा. तो बॅकअप झालेले फोटो फक्त फोनमधून काढतो.

किल्ल्या कुणाकडे

सासरे गेल्यावर काही महिन्यांनी त्यांचं सिम बंद पडलं. त्यांच्या ईमेलचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. त्या ईमेलमध्ये काय होतं ते आम्हाला आजवर कळलेलं नाही.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी हे एकदा बोला. अवघड वाटतं, पण बोला. गूगल खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: खातं इतके महिने वापरलं गेलं नाही तर अमुक माणसांना कळवा आणि फायली द्या, असं आधीच नेमून ठेवता येतं. दहा माणसांपर्यंत नावं घालता येतात. ते जरूर करा, कारण दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. दुहेरी सुरक्षा चालू असेल तर दहा बॅकअप कोड मिळतात, ते छापून घ्या. विंडोज लॅपटॉप बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, बंद असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, तीही कागदावर उतरवा. हे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, खरेदीखताबरोबर, आणि एक प्रत बाहेरगावच्या भरवशाच्या माणसाकडे.

परत काढून बघा

दर खेपेला दहा फायली कुठल्याही उचला आणि डिस्कवरून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा, नुसतं छोटं चित्र दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नाही. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे. तो नेमके आपले लहानपणीचे उरलेले फोटो उघडतो.

वेळापत्रक असं. आंब्याची गडबड ओसरायच्या आत, मेच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्ण बॅकअप. मृगाची वाट पाहू नका: 'तौक्ते' २०२१च्या मेच्या मध्यालाच आलं होतं, आणि 'निसर्ग' ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं पुढे कित्येक दिवस अंधारात होती. मग गणपतीला अदलाबदल, शिमग्याला अदलाबदल. डिस्क पाच वर्षांची झाली की ती चालत असली तरी नवी घ्या आणि जुनी तिसरी प्रत म्हणून ठेवा.

पाणी भरलंच तर

इशारा आला की लॅपटॉप आणि डिस्क घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून औषधांच्या आणि कागदांच्या पिशवीत टाका. आधी माणसं आणि गुरं, हे सांगायला नको. पिशवी हाताशी नसेल तर सोडून द्या, डोंबिवलीला एक आहेच.

डिस्क पाण्यात गेलीच तर वाळवू नका आणि जोडू नका. आमची चूक तीच झाली. गाळ आत वाळला की तबकडीला चिकटतो, आणि त्यावर विजेचा झटका दिला की वाचण्यासारखं असलेलंही खरवडलं जातं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून ती झिपच्या पिशवीत बंद करा, ओलीच राहू द्या, आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर डेटा परत काढून देणाऱ्यांकडे द्या. खर्च किती आणि काय मिळालं नाही तर किती, हे आधी विचारून घ्या. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हचं वेगळं आहे: ते साध्या स्वच्छ पाण्याने हलके धुऊन गाळ काढा, चार-पाच दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या, टोकं अल्कोहोलने पुसा आणि मग जोडा. उघडलं की पहिल्यांदा त्यावरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, बाकी पाहणं नंतर.